गुरुवारचं मौन

१ जानेवारी १९५६, रविवार
नवीन वर्ष, नवीन मी. काल पुण्यात व्याख्यान ऐकलं. जे करता त्यात मन ठेवा, राग गिळा, आठवड्यातून एक दिवस मौन पाळा. तिन्ही सुरू. मौनाला गुरुवार. सौ. म्हणाली, बरं झालं, एक दिवस तरी शांतता. अशा बोलण्यावर रागवायचं नाही. रागावलो नाही. जरासाच.

३ जानेवारी, मंगळवार
जेवताना मन भाकरीत ठेवलं. घास न् घास न्याहाळला. सौ.ने विचारलं, केस निघाला का? कारखान्याचा भोंगा झाला तरी मी भाकरीतच. हजेरी क्लार्कच हजेरीला उशिरा! पण मन शांत होतं. सायकलची चेन पडली तेव्हा शिवी गेली. ती धरत नाही.

४ जानेवारी, बुधवार
सुटताना गेटवर भैरू भेटला. पुनावळ्याचा. आमच्याकडे बाटल्या धुण्याच्या खात्यात टेंपररी आहे. बायकोचे दिवस भरलेत. म्हणाला, "हिंदुराव, उद्या काय यायला जमणार न्हाई. सायबास्नी तेवढं सांगा. न सांगता खाडा झाला तर आमचं नाव काटत्यात." म्हटलं, निर्धास्त राहा, मी आहे ना. माझ्या शांत चेहऱ्यामुळे लोकांना विश्वास वाटू लागलाय.

५ जानेवारी, गुरुवार
मौन पार पडलं! आणि काय परीक्षा! भैरू का नाही म्हणून साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी ओठांवर बोट ठेवून आभाळाकडे हात केला. साहेब लालबुंद. चिठ्ठी देता आली असती, पण लिहिणं म्हणजेही बोलणंच. व्रतात पळवाट नको. साहेबांनी भैरूचं नाव काटलं. माझं चित्त ढळलं नाही. हजेरीची वही दोनदा हातातून पडली. थंडी फार आहे.

६ जानेवारी, शुक्रवार
भैरूला काल मुलगी झाली. कामावर आला तर पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. मी खिडकीतून पाहिलं. साहेबांकडे जायला उठलोही होतो, पण ते कुणावर तरी ओरडत होते. रागावलेल्या माणसाशी बोलू नये, असं व्याख्यानात होतं. उद्या नक्की.

७ जानेवारी, शनिवार
साहेब आज हसत होते. हसणाऱ्या माणसाचा मूड कशाला घालवा? सोमवारी.

८ जानेवारी, रविवार
सौ.ला नळावर सगळं कळलं. म्हणाली, अहो, गुरुवारी मला खुणा करून चहा मागितलात, टॉवेल मागितलात, पाठ चोळून घेतलीत. भैरूसाठी एक खूण सुचली नाही? मी ताट सरकवून उठलो. ओसरीवर बसून राहिलो.
खरं म्हणजे मौन नसतं तरी मी बोललो नसतो. साहेबांना मी भितो. गुरुवारी त्यांनी पहिल्यांदा विचारलं आणि आज मौन आहे हे आठवलं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. लाज वाटते.

९ जानेवारी, सोमवार
साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, शनिवारी संध्याकाळी दुसरा माणूस घेतला, शुक्रवारी बोलला असतास तर ठेवला असता.
तसाच सायकलने पुनावळ्याला गेलो. वाटभर खरं बोलायची तयारी केली. भैरूकडे आज पाचवी. घरात सोयर, म्हणून त्याने अंगणात घोंगडं टाकलं. आईला हाक मारून म्हणाला, "ह्येच ते हिंदुराव. माज्यापायी सायबाशी भांडलं." मी शब्द दिला होता, तेव्हा भांडलोच असणार, असं त्याने धरलं होतं. त्याची आई मंजुळाबाई दारातूनच हात जोडून म्हणाल्या, "तुमी तरी हुता, बाबा. न्हाईतर गरिबाचं कोन बोलतंय?"
मी म्हणालो, हो, पुष्कळ सांगून पाहिलं.
भैरू उद्यापासून दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणार. रस्त्यापर्यंत माझी सायकल त्यानेच धरून आणली.
घरी आल्यावर सौ.ने विचारलं, खरं सांगितलंत ना त्याला? मी हो म्हणालो. तिचा चेहरा उजळला. आपल्या वाट्याचं तूप तिने माझ्या भातावर घातलं. मी ते खाल्लं.