पिंजाऱ्याचं रान

माय,

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुला जाऊनच इतकी वर्षं झाली. तरी आज तुलाच लिहावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगायला तोंड नाही. काल इथं पडेगावच्या घरी कॉलेजातली एक मुलगी आली होती. आपल्या सिल्लोडकडच्या शिवारांतली जुनी नावं ती गोळा करते, कोणत्या रानाला काय म्हणतात आणि कशावरून. मला तर भरतंच आलं. उंबराचं रान, चुनखडी, वाघाची दरड, सगळ्यांचे अर्थ सांगत सुटलो. मग ती म्हणाली, "आणि तुमचं ओढ्याकाठचं?" मी उठून पाणी प्यायलो.

ते रान मुळात पिंजाऱ्याचं. आपल्या घरचा कापूस पिंजायला तोच यायचा आणि त्याची बायको तुझ्याजवळ चुलीशी बसायची. रझाकारांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण पोलीस ॲक्शननंतर गावाची नजरच फिरली आणि तो बायकापोरांना घेऊन शहरात निघून गेला. जाताना आबांना म्हणाला, "भाऊ, रानावर नजर ठेवा." आबांनी नजर ठेवली ती अशी, की त्याचा उभा कापूस आपणच वेचला आणि पुढच्या पेरणीला त्यात आपलंच औत घातलं. तो काही विचारायला आला नाही. आला असता तर कोणत्या तोंडानं आपण त्याच्यासमोर उभे राहिलो असतो?

मग मोजणी आली, तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. मोजणीचा कारकून ओसरीवर बसलाय. आबा त्याला सांगतात, "देवपट्टी म्हणा." त्यासाठी बांधावरच्या एका धोंड्याला त्यांनी शेंदूरही फासून ठेवलाय. परक्या माणसासमोर कधी ब्र न काढणारी तू आतूनच बोलतेस, "नाय भाऊ, ते पिंजाऱ्याचं रान हाय." कारकून हसतो आणि आबांचंच लिहून घेतो. तो गेल्यावर आबा स्वयंपाकघराच्या दारात येतात. "लई शहाणी झालीस व्हय?" तू तव्यावरची भाकरी उलटतेस. "रान घेतलं तुमी. नाव तरी ऱ्हाऊ द्या त्याचं."

तू होतीस तोवर "पिंजाऱ्याच्या रानात न्याहारी पोचती कर" असंच मला सांगायचीस, तेही आबांच्या देखत. तू गेलीस आणि देवपट्टी सगळ्यांच्या तोंडी बसली. नातवंडांना तर त्या धोंड्यापुढं नारळ फोडायचा एवढंच माहीत. खरं नाव ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय.

काल मी पाणी पिऊन आलो, तर मुलगी उत्तरासाठी थांबली होती. आबा नाहीत, रान परत मागायला कुणी येणार नाही, मग मला कशाची भीती होती? आपल्या घराविषयी त्या पोरीला काय वाटेल, एवढीच. लिहितानाही लाज वाटते, माय. मी म्हटलं, "देवपट्टी." तिनं लिहून घेतलं आणि विचारलं, "हे नाव कुणी ठेवलं?"

मी म्हणालो, "माझ्या आईनं."