खालून विरत जाणारा फोटो

४ जून
नव्या ऑफिसातला पहिला दिवस झकास गेला. टेबल खिडकीशी, संगणकाचा पडदा मोठा, आणि मला ‘काका’ म्हणणारी पोरं. काम फोटोंच्या ॲपचं. फोटोची खालची कड पारदर्शक होत विरली पाहिजे, म्हणजे तिथे नाव लिहिता येतं. पोरं तयार कोड चिकटवतात. कड करवतीने कापल्यासारखी दिसते. मी कुणाकडे शिकलो नाही, म्हणून तर सगळं स्वतः लिहितो. नमुन्याला घरचाच फोटो घेतला. लेक पायरीवर बसलेली, मागे तिच्याआड मी; दिसतो फक्त माझा चेहरा आणि तिच्या खांद्यावरचा उजवा हात. फोटो बायकोने काढलेला.

७ जून
जमलं! लोणी वितळावं तसा फोटो विरतो. आमची प्रमुख, चष्मेवाली, म्हणाली की काका, फोटो उघडला की दर वेळी विरण्याचा नवा थर चढत नाही ना, तेवढं बघा. मूळ प्रतही बाजूला ठेवा. मी म्हटलं, बाई, तुम्ही दप्तर घेऊन फिरत होतात तेव्हापासून मी हे करतोय. ॲप आज लोकांपर्यंत गेलं. उघडलं की पहिला आमचाच फोटो.

९ जून
लेक सकाळी म्हणाली, बाबा, फरशी गार लागत नाही. मी म्हटलं, बरंच झालं की. मग बायकोने हाक मारली. लेकीच्या बोटांतून फरशीची रेघ दिसत होती.

१० जून
डॉक्टरांनी सुई टोचली. मग स्वतःचा चष्मा पुसला.
ऑफिसात फोटो बघितला. त्यातही पावलं नाहीत. चष्मेवालीचं खरं होतं: कुणीही फोटो उघडला की थरावर थर चढतो, आणि सगळ्यांच्या त्या एकाच फोटोवर जतन होतो. कोड दुरुस्त केला. पण तो घ्यायचा की नाही, हे ज्याच्या-त्याच्या फोनवर. आणि विरलेलं परत येत नाही. मूळ फोटोवरच मी जतन करत गेलो. ज्यात काढला तो बायकोचा फोन कधीच मोडीत गेलाय.

११ जून
गुडघ्यांपर्यंत.
चष्मेवाली म्हणाली, फोटोच काढून टाका. बटणावर बोट नेलं. पण पुसला आणि लेक पण—
नाही दाबलं.

१२ जून
कंपनीच्या साहेबांना म्हटलं, ॲप बंद करा, घरी येऊन पोरीला बघा. ते हसले. लोकांना तो फोटो फार आवडलाय, पुन्हा पुन्हा उघडतात म्हणे. कुणीतरी लिहिलंय, किती अलगद विरतो! मला सक्तीची रजा. पासवर्डही बदलला.

१३ जून
कंबर. उशांना टेकवून बसवलंय. विचारते, बाबा, कुठपर्यंत आलं? मी म्हणतो, थांबलंय.
बायको माझ्याशी बोलत नाही.

१४ जून
छातीपर्यंत—
लोकांनो, नका उघडू. कुणाला सांगू? कसं—

दुपारी
खांदा. फोटोत तिच्या खांद्यावर माझा हात आहे, हे विसरलोच होतो. बोटांतून पेन दिसतंय. बोटं— ती हाक मारतेय, बाबा, धरा मला, आणि मी कशाने ध