चेहऱ्याच्या जागी ड्रॉवर

३ तारीख, सकाळ
आजपासून फक्त स्वप्नं काढायची. काळी शाई, बारीक निब, खोडरबराला घरात बंदी. उशाशी कागद ठेवला आहे.

४ तारीख
स्वप्नात ऑफिसचा जिना. चढलो. उतरलो. सराव हवा.

९ तारीख
पुन्हा जिना!
चहा पिताना बायको सांगत होती, स्वप्नात तिची आई शिलाई मशीनवर पाणी शिवत बसली होती. चेहऱ्याच्या जागी बंद ड्रॉवर. देवाघरचा न्याय बघा, असली स्वप्नं पडतात कुणाला! मी सहज विचारावं तसं बारीकसारीक विचारून घेतलं. पॅडल तुटकं, सुतळीने बांधलेलं. गाठ डावीकडे. सांगताना तिचा चहा गार झाला.

१२ तारीख
चित्र उतरलं. सुतळीचा पीळ न् पीळ तपासून घ्यावा. स्वप्न तिचं असेल, रेषा माझ्या. दूधवाला काय गाईचं नाव सांगत फिरतो?

२० तारीख
वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. नाव: 'माझ्या झोपेतून'. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, तुमच्या झोपेतून आम्ही आजवर घोरणंच ऐकलंय. जळतो मेला.
बायकोला सांगायचं राहून गेलं. सांगेन. तशी ती चित्रं कुठे बघते?

२७ तारीख, संध्याकाळ
ती आली. भावाला घेऊन.
मी ग्रंथपालांना समजावत होतो: ड्रॉवर म्हणजे कोंडलेली प्रतिभा, सुतळी म्हणजे समाजाचं बंधन. चार माणसं माना डोलावत होती. मेव्हणा थट्टा करायची सोडून चित्राला नाक लावून उभा. म्हणाला, ताई, ही आपल्या आईची मशीन ना? ही गाठ मीच मारली होती.
ग्रंथपालांनी हळूच विचारलं, सासूबाई स्वप्नात येतात तुमच्या? मी हो म्हणालो. तिच्यासमोर.
घरी येताना ती एवढंच बोलली, की आईचा चेहरा आता आठवत नाही हे तिने फक्त मला सांगितलं होतं.

२८ तारीख
चित्र हॉलमधून उतरवून आणलं. कपाटामागे ठेवलं. माफी मागायचीच. आधी शब्द नीट जुळवतो. अर्धवट काम मला खपत नाही.

३० तारीख
शब्द जुळायचे आहेत. तोवर ऑफिसचा जिना काढला. पायऱ्या अचूक. तिला दाखवला. छान आहे म्हणाली.
मग विचारलं, काल काय पडलं स्वप्न? म्हणाली, हल्ली पडत नाहीत.
पहाटे झोपेत 'आई' म्हणाली होती. मी जागाच होतो.
चहा तिने आज बाल्कनीत नेऊन घेतला.