मोडायचा कॉम्प्युटर

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

प्रांजलचा फोन. जव्हारजवळच्या एका शाळेत ती आता मुख्याध्यापिका आहे. माझीच विद्यार्थिनी — टायट्रेशन चालू असताना ब्युरेटकडे न बघता खिडकीबाहेर बघणारी! शाळेला प्रयोगशाळेसाठी खोली मिळालीय, सामान खोक्यांत पडून आहे, मांडून देणारं कोणी नाही. "मॅडम, आठ आठवडे या. राहायची सोय आहे." पंधरा तारखेपर्यंत कळवायचं.

मला जायचं आहे. इथे लिहायला हरकत नाही — फार जायचं आहे. निवृत्त झाल्यापासून इतकं कशाचंच वाटलं नव्हतं.

अडचण जयवंतची. स्वयंपाक येतो, कपडे धुतो, गोळ्या वेळेवर घेतो. पण गॅसचं बुकिंग, डॉक्टरची वेळ, सोसायटीच्या तक्रारी, मुलाशी, निहारशी, व्हिडिओवर बोलणं — सगळं माझ्या लॅपटॉपवरून. आणि नवरा लॅपटॉपला हात लावत नाही. फोनसुद्धा बटणांचा. विचारलं तर म्हणतो, "जा की, वसू. मी कल्याणला दादाकडे राहीन." दादांकडे सकाळी सहापासून टीव्ही कोकलत असतो, दोन दिवसांत याचं डोकं धरतं. तसला चेहरा करून म्हटलेलं 'जा की' मी धरत नाही.

तेव्हा ठरलं. पंधरा तारखेपर्यंत जयवंत कॉम्प्युटर वापरायला लागला तर जाईन. नाहीतर प्रांजलला नाही म्हणायचं.

२८ ऑक्टोबर

बसवलं. हात मांडीवर. म्हटलं दाब, तर म्हणाला, "तू दाब, मी बघतो." वीस मिनिटं हेच. माझा आवाज चढला. तो उठून कुंड्यांना पाणी घालायला गेला. सकाळी घातलं होतं.

लिहून टाकते. सात वर्षांपूर्वी हा गाड्यांचं वेळापत्रक बघायला म्हणून बसला आणि माझी प्रॅक्टिकलच्या मार्कांची फाइल नाहीशी झाली. दोन दिवसांनी सापडली. पण त्या दिवशी घरात पाहुणे होते आणि त्यांच्यासमोर मी म्हणाले होते, "हात लावू नकोस. तुला जमणारं काम नाही हे." ज्याने छत्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली, एक रेघ इकडची तिकडे नाही, त्याला.

त्यानंतर त्याने हात लावलेला नाही.

३० ऑक्टोबर

गंधालीला, भाचीला, फोन. ती कॉम्प्युटरमधलीच. सगळं ऐकून म्हणाली, "आत्या, त्यांना मोडायला वेगळा कॉम्प्युटर दे ना." म्हटलं, घरात आणखी एक धूड नको. तर विकत घ्यायचा नाहीच! व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपल्याच कॉम्प्युटरवर एका चौकटीत दुसरा कॉम्प्युटर चालतो. त्याला वाटतं आपण खरे. आत काहीही घोळ घाला, बाहेरच्याला धक्का लागत नाही.

मी तीनदा विचारलं — काहीही? "काहीही, आत्या."

३१ ऑक्टोबर

प्रोग्रॅम उतरवला. फुकट आहे. वही केली — साहित्य, कृती, निरीक्षण. एकतीस वर्षांची सवय.

निरीक्षण पहिलं : चालत नाही. कारण लॅपटॉपमध्ये ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. ती चालू करायला लॅपटॉप सुरू होतानाच एक कळ दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरावं लागतं. चार वेळा चुकली, वेळ साधत नव्हती. पाचव्यांदा शिरले.

मेमरी आठ जीबी. त्यातली चार आतल्याला दिली. "जास्त दिलीस तर दोघंही उपाशी," इति गंधाली. डिस्क पंचवीस जीबीची. आत घालायला लिनक्स, तेही फुकट. उतरायला पाऊण तास.

१ नोव्हेंबर

लिनक्स घालताना स्क्रीनवर आलं — डिस्क पूर्ण पुसली जाईल, पुढे जायचं?

हात थांबला. माझे सगळे कागद, फोटो, निहारच्या लग्नाचे व्हिडिओ याच लॅपटॉपवर. गंधाली मीटिंगमध्ये. दहा मिनिटं नुसती बसून राहिले. जयवंतला सात वर्षं काय वाटत असेल ते कळलं, असं म्हणायला हरकत नाही.

मग नीट वाचलं. पुसायची डिस्क पंचवीस जीबीची दाखवत होती. माझी तर पाचशे बाराची! म्हणजे आतल्या बिचाऱ्याला मी दिलं तेवढंच दिसतंय. बाहेर काही आहे हे त्याला माहीतच नाही. दाबलं.

चहा होईपर्यंत चालू. माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर! आणि माउस आत अडकला. उजवीकडची कंट्रोलची कळ दाबली की बाहेर येतो. एकटीच हसत होते. जयवंत स्वयंपाकघरातून डोकावून गेला.

३ नोव्हेंबर

आज स्नॅपशॉट शिकले. मशीन जसं आहे तसं टिपून ठेवायचं. पुढे काहीही होवो, त्या टिपलेल्या जागी परत नेता येतं. पहिल्याला नाव दिलं — 'स्वच्छ'.

जयवंतला बोलावलं आणि त्याच्यासमोर खालची पट्टी उडवली, फोल्डर पुसले, अक्षरं उलटीसुलटी केली. मग मशीन बंद केलं, स्नॅपशॉटवर नेलं, चालू केलं. सगळं जागच्या जागी.

"परत कर," म्हणाला. केलं. "परत." पाच वेळा करायला लावलं. सहाव्यांदा खुर्ची ओढली आणि खालची पट्टी स्वतः उडवली!

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बरं वाटलं फार.

५ नोव्हेंबर

आजची फजिती. मी जयवंतला सांगितलं होतं, आत बसून काहीही दाब, सगळं परत करता येतं. त्याने काल गॅसच्या साइटवर सराव केला. नंबर, नाव, बुकिंग, सगळं व्यवस्थित.

आज अकरा वाजता दशरथ सिलिंडर घेऊन दारात. एक शेगडीला लावलेला, दुसरा भरलेला. रिकामा एकही नाही.

"रिकामा द्या ना काकू."

नाही म्हटलं तर म्हणे मग बुक कशाला केला. जयवंत मागून शांतपणे म्हणाला, "सराव होता." दशरथ तीन मजले चढून आला होता. त्याने जयवंतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सरबत दिलं, लाडू दिला. परत जाताना जिन्यात त्याचं हसणं ऐकू आलं.

वहीत लिहिलं : मशीन खोटं असलं तरी इंटरनेट खरं असतं. स्नॅपशॉटने सिलिंडर परत जात नाही.

पण मला राग आला नाही. कारण — बुकिंग झालं होतं! एकट्याने केलेलं!

७ नोव्हेंबर

छान चाललंय. रोज चार ते साडेपाच बसतो. नकाशे काढायचा एक प्रोग्रॅम लिनक्समध्ये त्याला सापडला. आमच्या विंगच्या पाण्याच्या पाइपांचा नकाशा काढतोय, सोसायटीला द्यायला. मान वाकडी करून, ऑफिसात बसायचा तसा.

तो फिरायला गेला की मी मशीन 'स्वच्छ'वर नेऊन ठेवते. प्रॅक्टिकल संपलं की बाक जसा होता तसा. मुलींना एकतीस वर्षं हेच सांगितलं.

१० नोव्हेंबर

आज पुन्हा नकाशा पहिल्यापासून काढत होता. म्हटलं, कंटाळा येत नाही का? त्याने पुढची रेघ ओढली.

११ नोव्हेंबर

बसला नाही. डोळे दुखतात म्हणाला. पेपर मात्र दोन तास वाचला.

१२ नोव्हेंबर

आजही नाही. पंधरा तारखेला तीन दिवस. मी बोलले, नको तितकं बोलले — अर्ध्यावर सोडायची सवय वगैरे. तो म्हणाला, "तू प्रांजलला हो सांग. मी दादाकडे जातो." आणि कपाटावरची बॅग काढून पुसायला बसला.

१३ नोव्हेंबर

टेबल आवरताना त्याची छोटी वही हाती लागली. मी वाचायला नको होती. वाचली.

ड्रॉइंग ऑफिसातलं अक्षर. सहा तारखेखाली : नकाशा सेव्ह केला. सात : कालचा दिसत नाही. पुन्हा काढला. सेव्ह केला. आठ : नाही. कुठेतरी चुकतोय. नऊ : दोन ठिकाणी सेव्ह केला. दोनदा तपासला. दहा : दोन्ही नाहीत. त्याखाली एक ओळ — वसूला सांगायचं नाही.

मी खुर्चीवर बसले.

रोज तो सेव्ह करत होता आणि रोज मी पुसत होते. स्वच्छतेच्या नावाखाली! पाच दिवस तो स्वतःची चूक शोधत बसला. मला विचारलं नाही, कारण मी काय म्हणेन ते त्याला सात वर्षांपासून माहीत होतं.

तो फिरून आला. चपला काढायच्या आधीच सांगितलं. रोज संध्याकाळी मी काय करत होते ते, सगळं. वही वाचली हेही.

त्याने एक चप्पल काढली. मग म्हणाला, "म्हणजे मी नीट केलं होतं?"

"हो. पाचही वेळा."

"दोन ठिकाणी केलेलं पण?"

"तेही."

दुसरी चप्पल काढली, हात धुतले. टेबलाशी बसला आणि मला म्हणाला, "तू जा आता. चार मिनिटांचा चहा कर."

चहा दहा मिनिटांनी नेला, मुद्दाम. त्याने स्नॅपशॉट घेतलेला होता. त्याचा पहिला. नाव — 'जयवंत, पुसू नये'.

१४ नोव्हेंबर

आतल्या मशीनच्या पडद्यावर आता त्याने एक भडक केशरी चित्र लावलंय. फाइली वाट्टेल तिथे. माझा हात शिवशिवतो. लावलेला नाही.

१५ नोव्हेंबर

सकाळी लॅपटॉपशी. मला वाटलं आतल्या मशीनवर. जवळ जाऊन बघते तर चौकटच नाही! खऱ्यावर बसला होता. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली, बुधवारी सव्वादहा. "ही खरी आहे बरं का," म्हणाला. "सराव नाही."

मी प्रांजलला फोन केला. येते म्हटलं. तिकडे ती आणि आणखी दोघी शिक्षिका ओरडल्या, फोन लांब धरावा लागला.

बॅग माझ्यासाठी काढली. त्यानेच पुसून ठेवली होती, स्वच्छ होती.

१९ नोव्हेंबर

डॉक्टर झाले. नंबर वाढलेला नाही. डोळे कधीच दुखत नव्हते, मान्य केलं!

तळमजल्यावरचे भाऊराव पाइपांचा नकाशा बघायला आले. नकाशा राहिला बाजूला, आतला कॉम्प्युटर बघून खुळावले. सुनेने त्यांना घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दिलेला नाही म्हणे. एकदा त्यांनी काहीतरी उडवलं होतं. "मला पण मोडू दे रे थोडं," म्हणाले. जयवंतने आपल्या मशीनची नक्कल काढून त्यांना दुसरं मशीन करून दिलं. हे मी त्याला शिकवलेलं नाही. मला तर येतही नाही.

दोन्ही एकदम चालू केली तर लॅपटॉप धापा टाकतो. म्हणून पाळी लावलीय. भाऊराव पाच वाजता.

२३ नोव्हेंबर

उद्या सकाळची बोरिवलीहून एसटी. लॅपटॉप घरीच ठेवतेय. फोन आहे तेवढा पुरे. कशाकशाची यादी करून फ्रिजवर लावणार होते. त्याने आधीच लावलीय. माझ्या यादीपेक्षा मोठी आणि अक्षर चांगलं.

३० नोव्हेंबर, जव्हार

खोली उत्तम. बेसिन चार, नळ दोन चालतात. पस्तीस मुली, बारा मुलगे. पहिल्याच दिवशी एकीने परीक्षानळीत फुंकर मारून शिट्टी वाजवली. ओरडले. मग वाजवून पाहिली, त्या गेल्यावर. इतकी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

जयवंतचा पहिले तीन दिवस रोज फोन. चौथ्या दिवशी आला नाही. मी केला तर म्हणाला, "काही विशेष? घाईत आहे जरा."

१२ जानेवारी २०२६, जव्हार

प्रांजल म्हणते एप्रिलपर्यंत राहा. जयवंतला कसं विचारायचं हे दिवसभर मनात जुळवलं, संध्याकाळी फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "रहा की. अधूनमधून घरी ये, पण रविवारी ये. शनिवारी तुला बसायला खुर्ची मिळायची नाही — माझ्या वर्गाला नऊ जण झालेत."