विटांखालचा साप

अहो,

सकाळी दादाचा फोन आला, म्हणून आईकडे निघालेय. तुम्हाला कामावर फोन केला नाही.

साप आज पुन्हा बागेत दिसला. लसणाचं पाणी शिंपडणं आता पुरे. घरातला लसूण संपला आणि साप आपला ढिम्म. गवत कापा. पक्ष्यांना दाणे टाकू नका, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. काठी घेऊन शूरपणा करू नका, सर्पमित्राचा नंबर फ्रिजवर लावलाय.

मुख्य म्हणजे विटांचा ढीग हलवा, साप त्याखालीच राहतो. आईच्या खोलीसाठी आणलेल्या त्या विटा. तीन वर्षं नुसतं ‘बांधू, बांधू’ म्हणालात. आता खोली लागणार नाही. कुणालाही देऊन टाका.