बोटभर फरक

२ फेब्रुवारी
सासऱ्यांची, म्हणजे मामांची, जुनी गाडी आज माझ्या शेडमध्ये आली. उभा जन्म त्यांनी ती चालवली. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मला दिली. मी तिची हॉट रॉड करणार. म्हणजे अंग जुनंच, पण इंजिन दांडगं, चाकं रुंद. मामांची अट एकच: पहिल्या फेरीला शेजारी ते बसणार. हिने विचारलं, तो मिक्सर उघडून ठेवलाय, तो कधी जोडणार? दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाच्या वाटेत असले प्रश्न येतातच.

९ फेब्रुवारी
बॉडी उतरवली. खाली राहिली चासी, गाडीचा लोखंडी सांगाडा. स्टँडवर चढवली. संकल्प: घाई करायची नाही. आधी माप, मग हात.

११ फेब्रुवारी
गावच्या शाळेत गुरुजी शिकवायचे, आयताचे दोन्ही कर्ण सारखे. चासीचंही तसंच, तिच्या चार कोपऱ्यांत कारखान्यातूनच भोकं पाडलेली असतात. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत टेप, मग पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. सारखे आले तर चासी सरळ. नाही आले. बोटभर फरक. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढाच. म्हणजे माझं माप पक्कं, चासी वाकडी.
गल्लीतला वेल्डर आला होता. म्हणाला, दादा, आधी गंज घासून भोकं मोकळी करा, ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा, मग बोला. त्याला म्हटलं, नजर बसली की घासावं लागत नाही. तो नुसता हं म्हणाला.

१२ फेब्रुवारी
मामांना फोन करून सांगितलं, तुमची चासी वाकडी निघाली. ते म्हणाले, अहो, हात सोडले तरी नाकासमोर जायची हो ती! या वयात माणूस आपल्या गाडीबद्दल हळवा होतो. मी प्रेमाने समजावलं: मामा, लोखंड खोटं बोलत नाही.

१६ फेब्रुवारी
साखळी, जॅक, गॅसची ज्योत. वेल्डरचं पालुपद चालूच, दादा, परत एकदा बघू. संशयी माणसाचं काम शेवटाला जात नाही. देवाचं नाव घेतलं आणि ओढली. लोखंड असं कण्हलं की माझ्याच कमरेत कळ गेली. टेप लावला. दोन्ही कर्ण सारखे! डोळ्यांत पाणी आलं. (धूरही होता.) मामांना कळवलं, सरळ केली.

२१ फेब्रुवारी
मामांचा हिला फोन. म्हणे, तुझी आई त्या गाडीतून उतरली की कमरेवर हात ठेवायची. मी तिलाच बोलायचो, नीट बसता येत नाही तुला. गाडीच वाकडी होती गं. मला कळलंसुद्धा नाही, कसला ड्रायव्हर मी. ती तर गेली, आता माफी कुणाची मागू?
ही रडली. मलाही जेवण गेलं नाही. पण सत्य कडूच असतं.

२४ फेब्रुवारी
रंगाआधी गंज घासायला घेतला. पुढच्या उजव्या कोपऱ्यात चिखल आणि ग्रीसची जाड खपली होती, ती पडली. आत भोक. डाव्या भोकाचा खरा जोडीदार. मग मी मोजलं ते कोणतं? ते हॉर्नसाठी मागाहून कुणीतरी पाडलेलं.
खऱ्या भोकापासून मोजलं. बोटभर फरक. आता.
देवा! सरळ होती. मी वाकवली.

२५ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. मी खोटं बोललो नाही. बोलताना मला ते खरं वाटत होतं. हे देवापुढे हात जोडून स्पष्ट सांगितलं. दोन उदबत्त्या जास्त लावल्या. मामांनाही सांगायचंच आहे. योग्य वेळी.

२७ फेब्रुवारी
त्याहून चांगला मार्ग सुचला. गुपचूप उलटी ओढायची, कुणाला त्रास नको. वेल्डर म्हणाला, ओढतो की. पण तुमचे सासरे काल वाटेत भेटले. जो दिसेल त्याला थांबवून सांगतायत, माझी चूक होती, जावयाने निस्तरली.
जॅक तसाच ठेवला. पूजेला बसलो, पण मन लागेना. ते सतत फोनकडे. फोन काही मी केला नाही.

१ मार्च
मामा आले. काठी हिच्याकडे दिली आणि चासीवर हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. म्हणाले, आता तुझी आई बसली असती तर कंबर धरली नसती.
मग मात्र राहवेना. सांगून टाकलं सगळं, हॉर्नच्या भोकासकट. कोपऱ्यात पत्रा जोडत असलेल्या वेल्डरने ज्योत बंद केली.
मामांनी विचारलं, म्हणजे नाकासमोर जायची? म्हटलं, जायची. मी नीट चालवायचो? म्हटलं, हो मामा. मग हिच्या आईची कंबर? ही म्हणाली, बाबा, आईची कंबर गाडीत बसायच्या आधीपासून दुखायची, तुम्ही तेव्हाही ऐकलं नव्हतं.
मामा हसले, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मला म्हणाले, जावईबापू, आता उलटी ओढा. पण माप मी घेणार.
मी हळूच म्हटलं, मामा, तुम्हाला दिसत नाही.
म्हणाले, तुम्हाला दिसत होतं. काय उपयोग झाला?