कोंबडीच्या पायांचं घर

१४ जानेवारी १९९७, शारजा

कोण म्हणतो रशियन लोक हुशार! आज जमालने बाहुल्यांचा संच आणून दिला. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी — एकूण पाच. गालिना नावाची रशियन बाई बॅगेतून आणते, जमाल आपल्या गिफ्टच्या दुकानात विकतो. प्रवासात रंग खरवडलाय. म्हणाला, "मास्टर, सिर्फ खरोंच निकालो. दिमाग मत लगाओ."

लाकूड चांगलं. आमच्या सावंतवाडीच्या खेळण्यांच्या पांगाऱ्यापेक्षा घट्ट. प्रत्येकीच्या पोटावर एकाच लोककथेचा एकेक प्रसंग. रेषा बरी — बरीच म्हणेन, जास्त नाही. पण बुडाशी रंगवणाऱ्याची सही! पाचही बुडांना! मी एकोणीस वर्षं या गावात पाट्या रंगवतो. इंग्रजी, अरबी — अरबी तर नुसती बघून शिकलो, गुरू कोणी नाही. एकाही पाटीवर माझं नाव नाही.

१५ जानेवारी

तिसऱ्या बाहुलीवर झोपडी आहे. झोपडीला कोंबडीचे पाय!!

१६ जानेवारी

चूकच आहे. रंगवणारा पिऊन बसला असणार. चौथीवर तर म्हातारी चक्क उखळात बसलीय, हातात मुसळ. आम्ही लहानपणी उखळाला नुसतं बूड टेकलं तरी आई त्याच मुसळाने हाणायची.

खोलीतला अनिल वेंगुर्ल्याचा, एसी दुरुस्त करतो. म्हणाला, "तात्यानू, तेंची गोष्टच तशी आसली तर?"

मी म्हटलं, "गोष्ट असली म्हणून घर फिरायला जातं काय?"

"मगे घाला शाळा, शिकवा रशियाक!"

घालीन.

१९ जानेवारी

झालं. पाय पुसून खाली जांभ्याचा जोता काढला. पाच पायऱ्या — आमच्या घराला आहेत तशा. म्हातारी उखळातून उतरवली. आता बाजूला उभी राहून भात कांडते. मुसळ वर जाताना खांदा जरा उचलतो, तोही दाखवला. कोणाच्या लक्षात येणार नाही. तरी दाखवला.

तिसरीच्या बुडाशी, त्या सहीखाली, बारीक अक्षरात माझं नाव.

जमालने चष्मा न लावताच बघितलं. "खलास? बढिया!"

२ फेब्रुवारी

गालिना आली. बाहुल्या तिच्या आईने रंगवलेल्या! हे जमाल आधी बोलला नाही.

तिसरी हातात घेऊन ती बघत राहिली. मग इतकी हसली की स्टुलावर बसावं लागलं. "मास्टर, युवर हाऊस नो वॉक!" मग मोडक्यातोडक्या बाजारी हिंदीत गोष्ट सांगितली. म्हातारी चेटकीण. उखळात बसून उडते, मुसळाने वल्हवते. तिचं घर दाराकडची बाजू रानाकडे करून उभं. आलेल्याने म्हणायचं — घरा घरा, रानाकडे पाठ कर, माझ्याकडे तोंड कर. की घर वळतं. पाय त्यासाठी.

मी म्हटलं, "आय नो." (काय बोलून गेलो!)

पाय परत रंगवून देतो म्हटलं, तर तिचं विमान दुपारचं. "नो प्रॉब्लेम. मामा सी, मामा लाफ." मामा म्हणजे तिची आई. मग बाहुली उलटी केली. माझ्या नावावर बोट. "धिस, नो." तिथेच, माझ्यासमोर, नखाने खरवडून काढलं. संच घेऊन गेली.

जमाल म्हणाला, "बोला था ना, दिमाग मत लगाओ."

३ फेब्रुवारी

लॉन्ड्रीची पाटी. सरळ आली.

९ मार्च

गावाहून बायकोचं, सुजाताचं पत्र. घराला रंग द्यायचा आहे, कोणता देऊ विचारते. दाराच्या चौकटीला वाळवी लागलीय, तेही दोन ओळींत उरकलंय. शेवटी — "तुम्ही बघून सांगितलं असतंत तर बरं."

जोत्याची मापं मी इथून लिहून पाठवली होती. एकही चिरा वाकडा बसू दिला नाही. त्या घरात आजवर राहिलो एकूण अकरा महिने — सगळ्या सुट्ट्या धरून. घर बिचारं जागचं हललेलं नाही. पाठ करून मीच उभा.

उगाच लिहिलं हे. पिवळा चालेल म्हणून कळवतो.

२० एप्रिल

गालिना नवा खोका घेऊन आली. जमालने बोलावून दाखवला. चाळीस संच — आणि तिसऱ्या बाहुलीवर, चाळीसही, जांभ्याचा जोता! पायऱ्या! चौथीवर म्हातारी उभी राहून कांडते! "मामा लाईक," गालिना म्हणाली. "इंडियन मॅडम लाईक." जमाल खूश — "मास्टर, ये वाला चलेगा!"

एकेक उलटी करून बघितली. चाळीसही बुडांना मामाची सही.

पायऱ्या चार. मी पाच काढल्या होत्या.

२१ एप्रिल

जमालकडून एक संच घेतला. तिसरीवरचा जोता पुसला, कोंबडीचे पाय काढले. बोटं पुढे तीन, मागे एक. घराचं दार समोर. बुडाशी माझं नाव — चांगलं ठळक, दुरून वाचता येईल असं.

रंग वाळेपर्यंत आमच्या पाट्यांच्या दुकानाच्या मालकाकडे जाऊन, त्याने ठेवून घेतलेला माझा पासपोर्ट मागितला. "छुट्टी?" म्हणाला. म्हटलं, नाही. खलास.